ठरवून हरणाऱ्यांचा संयम आणि कॅन्सस सिटीचा एक हिवाळा

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेली दहा-पंधरा वर्षे एक शब्द मोठ्या प्रतिष्ठेने मिरवला जातो. तो शब्द म्हणजे 'रीबिल्डिंग', पुनर्बांधणी. संघ गुणतक्त्यात तळाला गेला की मालक आणि त्याचा जनरल मॅनेजर पत्रकारांना बोलावतात आणि प्रेक्षकांना संयम ठेवायला सांगतात. मग चांगले, नावाजलेले, महाग झालेले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले जातात. त्यांच्या बदल्यात एकोणीस-वीस वर्षांची पोरे घेतली जातात आणि पुढची तीन-चार वर्षे संघ ठरवून हरतो. राष्ट्रीय टीव्ही कराराचा वाटा मात्र जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला सारखाच मिळत राहतो. म्हणजे मालकाला संयम ठेवावा लागत नाही, तो ठेवायचा असतो प्रेक्षकाने आणि त्या पोरांनी. संयमाचा उपदेश नेहमी वरून खालीच येतो, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

आमचे म्हणणे असे आहे की तळाच्या संघाने हिवाळ्यात, म्हणजे एक हंगाम संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या काळात, हरण्याची तयारी करणे ही खेळाची गरज नाही. ती मालकाची सोय आहे. शास्त्राच्या आणि आकडेवारीच्या भाषेत गुंडाळून ती आपल्यापुढे ठेवली जाते, एवढेच. याला दुसरा रस्ता आहे, आणि तो कॅन्सस सिटी रॉयल्स या संघाने २०२३-२४ च्या हिवाळ्यात चालून दाखवला आहे. त्या रस्त्यावरही सगळे गोडच आहे असे नाही, त्याबद्दलही आम्ही बोलणार आहोत.

काही साथी विचारतील, बेसबॉलचे आपल्याला काय? बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्कला शिकत होते तेव्हा त्या शहरातल्या मोठ्या मैदानांवर एकही काळा खेळाडू मेजर लीगमध्ये उतरू शकत नव्हता. जॅकी रॉबिन्सन ती भिंत ओलांडून १९४७ मध्ये आत आला. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर सात वर्षांनी आला. ज्या चळवळीकडून आपल्या पँथरांनी नाव घेतले, त्या चळवळीच्या आधीची एक मोठी लढाई या मैदानावर झाली आहे. आपण क्रिकेटमध्ये पळवणकर बाळूंचे नाव आठवतो ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी हा खेळही वाचला पाहिजे. माणसाच्या गुणाची किंमत कोण ठरवतो आणि ती कुणाच्या खिशात जाते, हे तिथे आकड्यांत लिहिलेले सापडते.

आता थोडे यंत्रणेबद्दल. आयपीएल पाहणाऱ्यांच्या डोक्यात लिलावाचे चित्र असते. दर काही वर्षांनी मेगा लिलाव होतो, संघ जवळपास मोडून पुन्हा बांधला जातो आणि प्रत्येकाच्या हातात सारखीच रक्कम असते. बेसबॉलमध्ये तसे नाही. तिथे संघाने किती खर्च करायचा यावर कडक कमाल मर्यादा नाही आणि किमानही नाही. एका ठरावीक रकमेच्या वर गेले तर कर बसतो, पण तळाच्या संघाचा त्या कराशी संबंधच येत नाही. शाळा-कॉलेजातली मुले दर जुलैत होणाऱ्या ड्राफ्टमधून निवडली जातात. ज्या संघाने निवडले त्याच्याशीच करार करायचा, दुसऱ्याकडे जाता येत नाही. मग काही वर्षे मायनर लीग, आणि नशीब व कष्ट दोन्ही फळले तर मेजर लीग. तिथे पोहोचल्यावर पहिली साधारण तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास, पुढची तीन लवादाच्या आकड्यावर, आणि सहा वर्षांची नोकरी पूर्ण झाल्यावरच खेळाडू मोकळा होतो. त्याला 'फ्री एजंट' म्हणतात. दरवर्षी नोव्हेंबरात या मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. फेब्रुवारीत सरावाची शिबिरे सुरू होईपर्यंत संघबांधणीचे बहुतेक काम याच काळात उरकते.

ही सहा वर्षांची सुटकाही कुणी दान दिलेली नाही. त्याआधी 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचे कलम होते, ज्याने खेळाडू आयुष्यभर एकाच मालकाला बांधलेला असे. कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूला सेंट लुईसने १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि खटला भरला. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेच हे वर्ष. फ्लडची कारकीर्द संपली. दार उघडले ते डिसेंबर १९७५ मध्ये, एका लवादाच्या निर्णयाने, आणि आत गेले इतर लोक.

सहा वर्षांची ही अट मालकांच्या सगळ्या हिशेबाचे मूळ आहे. तरुण खेळाडू म्हणजे सहा वर्षे स्वस्तात मिळणारे श्रम. पुनर्बांधणीचे सगळे गणित इथून सुरू होते. महाग माणूस द्या, स्वस्त माणसे घ्या आणि ती पिकेपर्यंत हरत राहा. हरण्याचा आणखी एक फायदा असा की पूर्वी सर्वात वाईट संघाला ड्राफ्टमध्ये आपोआप पहिला नंबर मिळे. यात सर्वात मोठे नाव झाले ह्यूस्टन ॲस्ट्रोजचे. २०११ मध्ये १०६ पराभव, २०१२ मध्ये १०७, २०१३ मध्ये १११. त्या २०१३ च्या सप्टेंबरात त्यांच्या एका सामन्याचे स्थानिक टीव्ही रेटिंग शून्य नोंदले गेले. म्हणजे मोजता येईल इतकेही कुणी पाहत नव्हते. पुढे २०१७ मध्ये हा संघ जगज्जेता झाला आणि हरण्याच्या नियोजनाला तत्त्वज्ञानाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी कॅमेरा लावून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्या होत्या हे नंतर उघड झाले आणि २०२० मध्ये त्यांच्या जनरल मॅनेजरला घरी जावे लागले. तरी तत्त्वज्ञान काही घरी गेले नाही.

शिकागो कब्जचे उदाहरणही लगेच पुढे केले जाते. २०१२ मध्ये १०१ पराभव, २०१६ मध्ये अजिंक्यपद. पण हे सांगणारे एक गोष्ट गाळतात. कब्जने २०१४ च्या डिसेंबरात जॉन लेस्टर या अनुभवी पिचरला सहा वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर देऊन आणले होते. नुसत्या पोरांवर ते जिंकले नाहीत. आणि याच कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंट या आपल्या सर्वात गुणी तरुणाला हंगामाच्या सुरुवातीला मायनर लीगमध्ये बसवून ठेवले. १७२ दिवस संघात असले की नोकरीचे एक वर्ष धरले जाते. ब्रायंटचे त्या हंगामात १७१ भरले. एक दिवस कमी! त्या एका दिवसाने त्याची सुटका अख्खे एक वर्ष पुढे गेली. तो त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याने तक्रार केली, आणि २०२० मध्ये लवादाने ती फेटाळली. नियमात बसते म्हणून न्याय्य ठरते, हा युक्तिवाद आपण कुठे कुठे ऐकला आहे ते आठवून पाहा.

बरे, नैतिक मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. हरण्याने फायदा तरी होतो का? २०२२ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने ड्राफ्टच्या पहिल्या सहा जागांसाठी सोडत आणायला लावली. त्याचा परिणाम बघा. २०२३ मध्ये ओकलंड ११२ सामने हरले, सर्वात वाईट. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर चौथा लागला. कॅन्सस सिटी १०६ हरले, त्यांना सहावा. पहिला नंबर मिळाला क्लीव्हलंडला, ज्यांची शक्यता दोन टक्के होती. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले. आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव कुणाच्याच नावावर नाहीत. पण मोठ्या शहराच्या संघाला लागोपाठ दोन वर्षे सोडतीत बसता येत नाही, म्हणून २०२५ मध्ये त्यांना मिळाला दहावा नंबर. एकशेएकवीस पराभव आणि दहावा नंबर.

व्हाइट सॉक्स आणि रॉयल्स यांच्या त्या एकाच हिवाळ्याकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. दोन्ही संघ एकाच गटातले, अमेरिकन लीगच्या सेंट्रल विभागातले. २०२३ मध्ये व्हाइट सॉक्स १०१ हरले होते आणि रॉयल्स १०६. म्हणजे रॉयल्सची अवस्था अधिक वाईट, शहरही लहान. व्हाइट सॉक्सची ही पहिली पुनर्बांधणी नव्हे. २०१६-१७ मध्ये त्यांनी क्रिस सेल, ॲडम ईटन, होझे किंटाना असे चांगले खेळाडू देऊन पोरे गोळा केली होती. त्यातून २०२० आणि २०२१ असे दोनदा प्लेऑफ मिळाले, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर. दोनच वर्षांत पुन्हा शून्यावर. आणि उपाय काय? पुन्हा तोच. मार्च २०२४ मध्ये, हंगामाला दोन आठवडे असताना, त्यांनी आपला सर्वोत्तम पिचर डिलन सीझ सॅन दिएगोला दिला. थोड्या पैशातले छोटे करार करून जागा भरल्या. त्यातला एरिक फेडी हा पिचर खरोखर चांगला निघाला, तर जुलैत त्यालाही देऊन टाकला. त्या उन्हाळ्यात ते सलग २१ सामने हरले.

रॉयल्सने काय केले? त्यांच्या दुखण्याचे निदान अवघड नव्हते. २०२३ मध्ये त्यांच्या जॉर्डन लायल्सने ६ जिंकले आणि १७ हरले, झॅक ग्रिंकीने २ जिंकले आणि १५ हरले. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर दर पाचव्या दिवशी उतरतो आणि १६२ सामन्यांचे ओझे मुख्यतः अशा पाच जणांच्या खांद्यावर असते. ते कोसळले की मागचे पिचर दमतात, मग कोवळ्या पोरांना तयारीआधी वर ओढावे लागते आणि त्यांचे खांदे-कोपर मोडतात. म्हणून जनरल मॅनेजर जे. जे. पिकोलो यांनी डिसेंबरात आधी पिचर घेतले. सेथ लुगो तीन वर्षांसाठी ४ कोटी ५० लाख डॉलर, मायकल वाका दोन वर्षांसाठी ३ कोटी २० लाख. मग हंटर रेन्फ्रो, क्रिस स्ट्रॅटन, विल स्मिथ, ॲडम फ्रेझियर, गॅरेट हॅम्पसन. सगळे मिळून जवळपास ११ कोटी डॉलर. त्यात एकही मोठा तारा नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याच हिवाळ्यात एकट्या शोहेइ ओतानीला ७० कोटींचा करार दिला, त्याच्या सहाव्या हिश्श्याहून कमी रकमेत सात माणसे.

निकाल सर्वांना माहीत आहे. ५६ विजयांवरून ८६ विजय, २०१५ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ. लुगोने १६ सामने जिंकले आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्कारात दुसरा आला. वाकाने १३ जिंकले. पहिल्या फेरीत समोर बाल्टिमोर ओरिओल्स होते, म्हणजे ठरवून हरण्याच्या शाळेतले सर्वात हुशार विद्यार्थी. २०१८ मध्ये ११५ पराभव, २०१९ मध्ये १०८, २०२१ मध्ये ११०, त्या बदल्यात ड्राफ्टचे दोन पहिले नंबर. रॉयल्सने त्यांना त्यांच्याच मैदानावर १-० आणि २-१ असे हरवून घरी पाठवले. पुढे न्यू यॉर्क यँकीजपुढे ते हरले, ते ठीक आहे. सात माणसांपैकी सगळे फळले असेही नाही. विल स्मिथ आणि स्ट्रॅटन यांचा हंगाम वाईट गेला, रेन्फ्रोही फारसा चालला नाही. पण मधल्या फळीतल्या सात जणांपैकी दोघे-तिघे जरी उभे राहिले तरी संघ उभा राहतो, आणि कुणी तरी उभा राहील ही शक्यता विकत घ्यायलाच खर्च करायचा असतो. खर्चच न करणाऱ्याकडे ही शक्यता नसते.

लुगोबद्दल थोडे जास्त सांगावेसे वाटते. २०११ च्या ड्राफ्टमध्ये त्याला न्यू यॉर्क मेट्सनी ३४ व्या फेरीत घेतले होते, लुइझियानातल्या एका लहानशा कॉलेजातून. त्याच्याआधी हजाराहून अधिक मुले निवडली गेली होती. बरीच वर्षे त्याला मागून येणारा पिचर म्हणून वापरले गेले. सुरुवातीच्या पिचरची जागा त्याला पुन्हा नीट मिळाली ती तेहतिसाव्या वर्षी, सॅन दिएगोत. आणि चौतिसाव्या वर्षी तो लीगमध्ये दुसरा! आज हा मुलगा ड्राफ्टमध्ये दिसलाच नसता, कारण २०२१ पासून ड्राफ्टच्या फेऱ्या ४० वरून २० वर आणल्या आहेत. त्याच वर्षी मायनर लीगचे संलग्न संघ १६० वरून १२० केले. कार्यक्षमता या नावाखाली दरवाजे अर्धे केले, आणि मग सांगायचे की गुणवत्ता असेल तर माणूस वर येतोच. गुणवत्तेचे हे प्रवचन देणाऱ्यांना आम्ही लुगोचा ३४ हा आकडा दाखवू इच्छितो.

त्याच हिवाळ्याचे दुसरे मोठे काम म्हणजे बॉबी विट ज्युनियर याचा करार. फेब्रुवारी २०२४ मध्ये, फ्री एजंट व्हायला त्याला अजून चार वर्षे असताना, रॉयल्सने त्याच्याशी ११ वर्षांचा साधारण २८ कोटी ८७ लाख डॉलरचा करार केला. क्लबच्या इतिहासातला हा सर्वात मोठा. त्यात विटला मध्येच बाहेर पडण्याच्या संधीही आहेत. स्वस्त वर्षे शेवटच्या दिवसापर्यंत पिळून मग दुसऱ्याला देऊन टाकणे, हा नेहमीचा शिरस्ता इथे मोडला गेला. त्याच वर्षी विटने .३३२ च्या सरासरीने लीगचा फलंदाजीचा मान मिळवला.

पण इथे टाळ्या वाजवून थांबता येत नाही. याच क्लबने २०१२ मध्ये साल्वादोर पेरेझ या कॅचरशी करार केला होता. व्हेनेझुएलातून सोळाव्या वर्षी करारबद्ध झालेला मुलगा, मेजर लीगमध्ये जेमतेम ३९ सामने खेळलेला. त्याला मिळाले पाच वर्षांसाठी ७० लाख डॉलर, आणि पुढची तीन वर्षेही क्लबच्याच मर्जीवर. तो वर्षानुवर्षे ऑल-स्टार होत राहिला, २०१५ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पगार मात्र त्या जुन्या आकड्यावर. बेसबॉलमधले लोक या कराराला 'क्लबसाठी उत्तम सौदा' म्हणत. शेवटी २०१६ मध्ये क्लबने स्वतःहून जुना करार बाजूला सारून पाच वर्षांचा ५ कोटी २५ लाखांचा नवा केला. हे चांगलेच केले. पण प्रश्न असा की विटला पहिल्या फटक्यात जे मिळाले ते पेरेझला का मिळाले नाही? विटचे वडील सोळा वर्षे मेजर लीगमध्ये पिचर होते. १८ व्या वर्षी ड्राफ्टमध्ये दुसरा आला तेव्हाच त्याला ७० लाखांहून अधिक बोनस मिळाला होता. त्याला थांबणे परवडत होते. ज्याला थांबणे परवडते तोच वाटाघाटी करतो, आणि ज्याच्या घरी पैशाची वाट पाहिली जात असते तो सही करतो. गुण दोघांकडेही होते. म्हणून लवकरचा लांब करार नेहमीच न्यायाचा असतो असे आम्ही म्हणणार नाही. तो करताना समोरच्या पोराच्या हातात काय होते ते पाहिले पाहिजे.

या यशाचा तिसरा पाय म्हणजे कोल रेगन्स. रॉयल्सनी जानेवारी २०२३ मध्ये अरोल्डिस चॅपमन या वेगवान पिचरला एका वर्षासाठी ३७ लाख ५० हजार डॉलरला घेतले आणि जूनअखेर त्याला टेक्ससला देऊन त्या बदल्यात रेगन्स आणला. कोपरावर दोनदा मोठी शस्त्रक्रिया झालेला हा मुलगा २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला, २२३ फलंदाज त्याने बाद केले. तळाच्या संघासाठी ही युक्ती ओळखीची आहे. अनुभवी माणूस थोड्या काळासाठी घ्या, तो चमकला की गरजू संघाला देऊन भविष्य आणा. सौदा म्हणून बिनतोड. मात्र या चॅपमनवर २०१६ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या नियमाखाली ३० सामन्यांची बंदी आली होती, या नियमाखाली शिक्षा झालेला तो पहिला खेळाडू. 'हुशार सौदा' म्हणून ज्यांनी ज्यांनी या व्यवहाराचे कौतुक केले त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ते वाक्य लिहिले. आम्हाला ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता त्या पोरांकडे वळू, ज्यांच्या नावावर पुनर्बांधणी चालते. काही जण म्हणतात, हे करोडपती खेळाडू, यांचे कसले शोषण? त्यांनी मायनर लीगचे आकडे बघावेत. २०२२ पर्यंत सिंगल-एमधल्या खेळाडूचे वर्षाचे किमान वेतन ११ हजार डॉलर होते. सर्वात वरच्या ट्रिपल-एमध्ये साडेसतरा हजार. अमेरिकेत एवढ्यात खोलीचे भाडेही नीट निघत नाही. मालकांनी २०१८ मध्ये संसदेकडून कायदाच करून घेतला होता की किमान वेतन आणि जादा कामाच्या मोबदल्याचे नियम या पोरांना लागू नाहीत. बदल कशाने झाला? कुणा मालकाच्या मनपरिवर्तनाने नाही. २०२२ मध्ये पाच हजारांहून अधिक मायनर लीग खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या मार्चमध्ये पहिला करार झाला. सिंगल-ए २६,२००, ट्रिपल-ए ३५,८००. संघटित व्हा हे आपल्याकडे भिंतीवर लिहिलेले असते, तिथे ते पगाराच्या चिठ्ठीवर दिसले.

रॉयल्सच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०२० मध्ये कोविडने मायनर लीग बंद पडली तेव्हा इतर क्लब शेकडो पोरांना काढून टाकत होते. रॉयल्सनी एकालाही काढणार नाही असे जाहीर केले आणि आठवड्याचे ४०० डॉलर चालू ठेवले. चारशे डॉलर म्हणजे फार काही नव्हे. पण एका मध्यम पिचरच्या एका महिन्याच्या पगारात अनेक क्लबांची ही सोय झाली असती, आणि तरी त्यांनी ती केली नाही.

कॅन्सस सिटीचेच उदाहरण आम्ही का घेतले, याला आणखी एक कारण आहे. १९२० मध्ये याच शहरात निग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. इथलाच संघ कॅन्सस सिटी मोनार्क्स. जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये मोनार्क्सकडून खेळत होता, तिथून ब्रँच रिकी यांनी त्याला ब्रूकलिन डॉजर्ससाठी नेले. रिकी यांचे धाडस आम्ही कमी लेखत नाही. पण त्यांनी मोनार्क्सना एक डॉलरही दिला नाही. या लीगमध्ये नीट करारच नसतात, अशी सबब सांगितली. दोन वर्षांनी क्लीव्हलंडच्या बिल व्हेक यांनी लॅरी डोबीला नेताना न्यूअर्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅनली यांना निदान पैसे मोजले, त्यासाठी बाई खमकेपणाने बोलल्या होत्या. गोऱ्या क्लबांनी काळ्या संस्थांनी घडवलेले खेळाडू असे फुकटात किंवा स्वस्तात उचलले आणि काही वर्षांत त्या संस्था कोसळल्या. दार उघडले ते माणसांसाठी, त्यांच्या संस्थांसाठी नाही. प्रवेश आणि मालकी यांतला हा फरक आपण विसरता कामा नये. विशेष म्हणजे मायनर लीगची साखळी, पोरे स्वस्तात गोळा करून वाढवायची आणि उरलेली टाकून द्यायची ही पद्धत, उभी करणारेही हेच रिकी. मेजर लीगने निग्रो लीगला 'मेजर' दर्जा दिला तो २०२० मध्ये. आज मेजर लीगमध्ये काळे अमेरिकन खेळाडू सहा टक्क्यांच्या आसपास उरले आहेत.

आणि रॉयल्सचे मालक जॉन शर्मन यांना अचानक ११ कोटी खर्च करण्याची बुद्धी का झाली, हेही विचारायला हवे. त्यांना शहराच्या मध्यभागी नवे स्टेडियम हवे होते. त्यासाठी जॅक्सन काउंटीत विक्रीकराचा तीन-अष्टमांश सेंट पुढची ४० वर्षे चालू ठेवायचा प्रस्ताव होता आणि २ एप्रिल २०२४ रोजी त्यावर मतदान होते. हरणाऱ्या संघासाठी कोण कर देणार? म्हणजे डिसेंबरातल्या खर्चामागे एप्रिलची मतपेटी नव्हती, असे आम्हाला कुणी पटवून देऊ शकणार नाही. भाडेकरूंची स्थानिक संघटना केसी टेनंट्स विरोधात उतरली. साधारण ५८ टक्के लोकांनी प्रस्ताव फेटाळला. लोकांना संघ आवडत होता, लुगो आवडत होता, पण अब्जाधीशाच्या इमारतीसाठी मीठ-तेलावर कर द्यायला त्यांनी नकार दिला. संघावरचे प्रेम आणि मालकावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मतदारांना नेमके कळले होते.

मग तळाच्या संघाने हिवाळ्यात करावे तरी काय? आमच्या मते आधी दोन-तीन भरवशाचे पिचर घ्यावेत, तेही एका वर्षाचे चिटोरे हातात देऊन नाही तर दोन-तीन वर्षांच्या कराराने, म्हणजे त्या माणसालाही घर घेता येईल. पोर तयार असेल तर पहिल्या दिवसापासून खेळवावे, दिवस मोजत बसू नये. विटला रॉयल्सनी २०२२ च्या पहिल्याच सामन्यात उतरवले होते, त्याने क्लब बुडाला नाही. इतर क्लबांकडून येणारा महसुलाचा वाटा मैदानावर दिसला पाहिजे. स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एकत्र करून सर्वांत वाटला जातो, तो छोट्या शहरांच्या संघांनी चांगले खेळावे म्हणून, मालकाच्या ताळेबंदासाठी नाही. खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये मायामी, पिट्सबर्ग, टँपा बे आणि ओकलंड यांच्याविरुद्ध नेमकी हीच तक्रार केली होती.

रॉयल्स २०२५ मध्ये ८२ जिंकले, ८० हरले आणि प्लेऑफ थोडक्यात हुकले. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांनी वाकाशी पुन्हा तीन वर्षांचा, ५ कोटी १० लाखांचा करार केला होता. व्हाइट सॉक्स १०२ हरले, सलग तिसऱ्या वर्षी शंभराच्या वर. मालक आणि मेजर लीगच्या खेळाडूंमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे आणि मालकांच्या गोटातून पगारावर कमाल मर्यादा आणण्याची भाषा सुरू आहे. किमान मर्यादेबद्दल, सहा वर्षांच्या अटीबद्दल त्यांना एवढी घाई नाही. मायनर लीगच्या पोरांचा करार वेगळा आहे, तो आणखी एक वर्ष चालेल. पण संघटना आता दोघांची एकच आहे.